उपऱ्यांची मिरास

गेल्या हिवाळ्यात आमच्या लोणीच्या शेजारगावी ग्रामस्थांनी भरविलेल्या व्याख्यानमालेत एका विद्वान गृहस्थांचे युरोपीय राष्ट्रांच्या सागरी वसाहतींवर भाषण झाले. भाषण दीड तास चालले आणि ते रटाळ नव्हते, हे प्रारंभीच कबूल करतो. त्याचा इत्यर्थ असा होता की, पोर्तुगीज, डच, इंग्रज, फ्रेंच आणि डेन या पाच राष्ट्रांनी ओसाड किनाऱ्यांवर, खाजणांत आणि दलदलींत शहरे वसविली. ज्याने त्याने आपापल्या स्वभावधर्माप्रमाणे वसविली, म्हणजे पोर्तुगिजांनी क्रूस रोवून, डचांनी तराजू टांगून, इंग्रजांनी कायदा घालून. आणि आपण मात्र सिंधुबंदीची बेडी पायांत अडकवून घेऊन घाटावर बाजरी पेरीत बसलो. या अखेरच्या वाक्याला टाळ्या पडल्या. आमच्या पूर्व आंबेगावात बाजरीचा उल्लेख निंदेच्या ओघात झाला तरी टाळ्या पडतात, त्यास इलाज नाही. माझ्या शेजारी बसलेल्या आमच्या गावच्या एका वृद्ध आबांनी मात्र टाळी वाजविली नाही. मुंबईच्या गोदीत उभा जन्म काढून गावी परतलेले ते गृहस्थ माझ्या कानाशी लागून म्हणाले, "मुंबई त्यांनी वसवली म्हणत्यात. मंग आमी काय करत व्हतो तितं?"

मला त्या प्रश्नाने जे अस्वस्थ केले ते अद्याप शमलेले नाही, आणि व्याख्यात्यांच्या विद्वत्तेविषयी आदर बाळगूनही त्यांचे प्रमेय मुळातच चुकले आहे, असे म्हटल्यावाचून मला गत्यंतर दिसत नाही.

प्रमेय चुकले ते 'वसविणे' या एका क्रियापदापाशी. हा शब्द आपल्याकडे काल-परवा पाठ्यपुस्तकांतून आलेला नाही. त्याला जुन्या दफ्तरांत काटेकोर अर्थ आहे. गाव उजाड झाले, पांढरी ओस पडली, किंवा एखाद्या कसब्याशेजारी नवी पेठ करावयाची झाली, म्हणजे सरकारातून कौलनामा निघे; येणाऱ्यास अभय मिळे; पडजमीन लागवडीस आणणाऱ्यास इस्तावा मिळे, म्हणजे पहिल्या वर्षी नाममात्र सारा आणि मग वर्षागणिक चढता; पेठ असेल तर काही वर्षे जकात माफ होई, शेटे-महाजन नेमले जात. वसविणारा एक आणि वसणारे अनेक, आणि दोहोंचे हक्क कागदावर स्वतंत्र. त्याच दफ्तरांत आणखी एक जोडी सापडते, मिरासदार आणि उपरी. मिरासदार तो, ज्याची जमीन वंशपरंपरेची आणि ज्याला गावकीच्या बैठकीत बसावयास जागा. उपरी तो, जो परगावाहून आला, कौलाने जमीन कसू लागला, सारा भरील तोवर राहील आणि उद्या उठून जाईल. या दोन शब्दांच्या उजेडात युरोपीय वसाहतींचा आरंभ पाहिला, तर आपल्या किनाऱ्यावर जहाजांतून उतरला तो, एका गोव्याचा अपवाद वगळता, उपरीच होता असे दिसते.

मुंबईचेच घ्या, कारण व्याख्यात्यांचा सारा भर मुंबईवर होता. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ मध्ये मोगलांच्या भयाने वसई आणि तिच्या अंकित बेटांचा मुलूख तहान्वये पोर्तुगिजांस दिला. पोर्तुगिजांनी मुंबईचे बेट खंडाने लावले. त्या खंडकऱ्यांपैकी एक गार्सिया द ओर्ता नावाचा वैद्य होता, ज्याचा औषधी वनस्पतींवरील ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. १६६१ मध्ये पोर्तुगालच्या राजकन्येच्या विवाहकरारात हे बेट इंग्लंडच्या राजास मिळाले. ते ताब्यात घेण्यास आलेल्या इंग्रज शिपायांस पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी दाद दिली नाही, तेव्हा ती पलटण कारवारजवळच्या अंजदीव बेटावर मुक्काम करून राहिली, आणि तेथे त्यांचा सरदार शिपमन मेला व चार-पाचशेंतले जेमतेम शंभर-सव्वाशे हाडांचे सापळे उरले. त्यांनी फेब्रुवारी १६६५ मध्ये हंफ्री कुकच्या हाताखाली मुंबईत पाय ठेवला. तीनच वर्षांनी राजाने ते बेट कंपनीस साल दहा पौंड मक्त्याने देऊन टाकले. दहा पौंड! वतनाच्या भांडणात आमच्याकडे याहून अधिक रक्कम पंचांच्या पानसुपारीत जात असेल. ही एका महान नगरीची संस्थापना की हातोहात फिरलेली कुळवहिवाट, हे वाचकांनीच ठरवावे.

आणि ते बेट ओसाड होते काय? कोळी मासे धरीत होते, भंडारी माडी काढीत होते, आगरी मीठ पिकवीत होते, कुणबी भात लावीत होते, प्रभू हिशेब लिहीत होते. जमिनीचे धनी इतके जिवंत आणि इतके भांडखोर होते की, सुरतेच्या वखारीचा अध्यक्ष व मुंबईचा गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर यास १६७४ मध्ये त्यांच्याशी रीतसर करार करावा लागला: त्यांनी सालिना वीस हजार झेराफिन भरावे आणि कंपनीने त्यांच्या जमिनींस हात लावू नये. ओसाड जागी करार करावयास कोण लागतो?

याच ऑन्जियरने मुंबई भरभराटीस आणली हे मी नाकारीत नाही. पण कशी आणली? १६७७ मध्ये दीवच्या नीमा पारेख या वाण्याने मुंबईत येण्यापूर्वी आपल्या अटी कंपनीपुढे ठेवल्या. घरास व वखारीस जागा मिळावी, आमच्या धर्माचारात कोणी आड येऊ नये, प्रेते आमच्या रीतीने जाळू द्यावीत, पहाऱ्याची वेठ आम्हांवर नसावी, युद्धप्रसंगी माल किल्ल्यात ठेवण्यास मुभा असावी. कंपनीने त्या मान्य केल्या. हा कागद मी जेव्हा जेव्हा डोळ्यांपुढे आणतो तेव्हा तेव्हा मला त्यात आमच्याकडचा कौलनामाच दिसतो. आपल्याकडील राजे शेकडो वर्षे ज्या युक्तीने पेठा वसवीत आले, तीच युक्ती एका परदेशी मंडळीने उचलली आणि आपल्याच माणसांवर चालविली. व्यापारी आला तो अभयाने, कारागीर आला तो व्यापाऱ्यामागे, हमाल आला तो पोटामागे. इंग्रज मात्र येई आणि मरे. मेंढॅम पॉइंटवरच्या त्यांच्या स्मशानात माती उकरण्याचे काम कधी थांबत नसे, आणि दोन पावसाळे काढले तो भाग्यवान अशी त्यांची त्यांच्यातच समजूत झाली होती.

येथे जगाच्या दुसऱ्या टोकाकडे क्षणभर पाहिले पाहिजे, कारण व्याख्यात्यांनी अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि मुंबई एकाच दोरीत ओवली होती. १६२० मध्ये इंग्रज धर्मपंथीयांनी प्लिमथ वसविले ते पटुक्सेट नावाच्या एका गावाच्या जागी. तेथली मक्याची शेते साफ केलेली होती, फक्त शेतकरी काही वर्षांपूर्वीच्या साथीत मेले होते. सिडनीच्या खाडीत १७८८ मध्ये इंग्रजांचे तळ पडले आणि पुढल्याच वर्षी तेथील मूळ रहिवाशांत देवीच्या साथीने हाहाकार केला. तेथे घरचे लोक मेले आणि पाहुण्यांनी घर घेतले. आपल्याकडे पाहुणे मरत राहिले आणि घरचे लोक वाढत गेले. 'वसाहत' हा एकच शब्द या दोन गोष्टींना लावणे म्हणजे विधवेला आणि नववधूला एकाच आहेराचे लुगडे नेसविण्यासारखे आहे.

आता स्वभावधर्माचे. हा मुद्दा ऐकावयास गोड लागतो म्हणूनच घातक आहे, पण त्यात फार वेळ घालविण्यासारखे काही नाही. तराजू टांगणाऱ्या डचांनी १६३७ मध्ये वेंगुर्ल्यास वखार थाटली ती विजापूरकरांच्या परवानगीने, आणि तिचा एक मोठा उपयोग गोव्याची नाकेबंदी करणाऱ्या लढाऊ ताफ्यांस रसद पुरविण्याचा होता; तराजूच्या खाली तोफ होती. कायद्याचे भोक्ते इंग्रज १६६० मध्ये आपले निशाण लावून पन्हाळ्यावर सिद्दी जौहराच्या बाजूने तोफा डागीत होते, आणि म्हणूनच पुढल्या वर्षी शिवाजी महाराजांनी राजापूरची त्यांची वखार लुटून त्यांचे लोक कैद केले. डेनांचा तर स्वभाव कोणता सांगावा? त्यांना १६२० मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाने तरंगमबाडी दिली. पुढे तंजावर भोसल्यांकडे आले तसे ते भोसल्यांस खंड-नजराणा देत राहिले. आणि सव्वादोनशे वर्षे तेथे काढून १८४५ मध्ये त्यांनी ते श्रीरामपुरासह इंग्रजांस साडेबारा लाख रुपयांस विकून टाकले. गोवा सोडले तर पाचही राष्ट्रे एकाच दारातून आत आली. त्या दाराला आपल्याकडे सनद म्हणतात. पुढे कोण टिकले आणि कोण उठून गेले हे युरोपातील युद्धांनी आणि येथील राजांच्या गरजांनी ठरविले. पाँडिचेरी १६९३ मध्ये डचांनी फ्रेंचांपासून जिंकली, आणि रिजविकच्या तहाने ती त्यांना १६९९ मध्ये परत द्यावी लागली. या उलाढालीत फ्रेंच स्वभाव बदलला होता काय?

मुंबई जिंकून घेण्याएवढी शक्ती त्या काळी इंग्रजांत होती, असे मानणाऱ्यांसाठी दोन प्रसंग सांगतो. १६८९ मध्ये सिद्दी याकूतखान मुंबईत उतरला तेव्हा इंग्रज किल्ल्यात कोंडले गेले, आणि बेट परत मिळविण्यासाठी कंपनीच्या वकिलांस औरंगजेबाच्या छावणीत क्षमा मागावी लागली व दीड लाख रुपये दंड भरावा लागला. दुसरा प्रसंग आमच्या दाराशी घडलेला आहे. त्याच शतकाच्या आठव्या दशकात जुन्नरच्या मोगल सुभेदारास वैद्य हवा होता, म्हणून मुंबईहून डॉक्टर जॉन फ्रायर यास पाठविण्यात आले. कल्याण आणि मुरबाडचा मुलूख शिवाजी महाराजांचा, तेव्हा या गृहस्थास मराठ्यांच्या चौक्या ओलांडीत, त्यांच्या परवान्यावर प्रवास करावा लागला. जाताना वाटाड्यांनी भलत्याच अवघड घाटाने चढविले, परतताना तो नाणेघाटाने उतरला. जुन्नरात जनानखान्यातील रुग्णेची नाडी पडद्याआडून पाहावयाची होती, आणि फिरंग्याची परीक्षा म्हणून प्रथम एका धट्ट्याकट्ट्या दासीचा हात पडद्याबाहेर काढण्यात आला. फ्रायरने ओळखले की ही बाई निरोगी आहे, आणि मगच खरा हात पुढे झाला. हे सारे त्याने स्वतःच आपल्या १६९८ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात लिहून ठेविले आहे. मुंबईच्या 'संस्थापकां'चा वैद्य घाटमाथ्यावर परीक्षा देऊन आत शिरत होता, ही त्या काळची खरी मोजमापे होत.

जुन्नरचा विषय निघाला आहे तर एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. जुन्नरच्या लेण्यांत ब्राह्मी अक्षरांचे तीन शिलालेख यवनांच्या दानाचे आहेत. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या, म्हणजे पाण्याची टाकी, खोदविल्या, चिट नावाच्याने भिक्षुसंघास भोजनमंडप दिला, चंद नावाच्याने लेण्याचे गर्भद्वार करविले. पावणेदोन-दोन हजार वर्षांपूर्वी हे समुद्रापलीकडचे लोक नाणेघाट चढून आले, येथे राहिले, आणि पाण्याची टाकी खोदवून गेले. पाण्याविना तडफडणाऱ्या आमच्या लोणीच्या माणसाला या दानाची किंमत निराळी सांगावयास नको. घोड नदी उत्तरेला वाहते आणि आम्ही दक्षिणेच्या उंचवट्यावर तिच्याकडे पाहत बसतो. परका मनुष्य येणे यात अनिष्ट असे काही नाही. इरिलानेही येथे घर केले असेल, पण त्याने कुलकर्ण्याचे दफ्तर मागितले नाही.

गोव्याचा आक्षेप मला माहीत आहे. तेथे अल्बुकर्कने १५१० मध्ये तलवारीने शहर घेतले, पुढे देवळे पाडली, १५६० पासून धर्मन्यायसभा बसविली, आणि कित्येक कुटुंबे देव डोक्यावर घेऊन खाडीपार पळाली. हे सारे खरे आहे आणि त्यात तिळमात्र सौम्य करण्याजोगे नाही. परंतु तेथेही अल्बुकर्कला गोव्यावर चालून येण्यास उद्युक्त करणारा आणि साह्य देणारा तिमय्या आपल्याच किनाऱ्यावरचा. शिपायांनी एतद्देशीय स्त्रियांशी लग्ने लावून नवी प्रजा उभी करावी, ही अल्बुकर्कची योजना होती, कारण पोर्तुगालातून माणसे पुरेशी येणार नाहीत हे त्याला कळून चुकले होते. आणि गावे चालवावयाची झाली तेव्हा अफोन्सो मेशिया या अधिकाऱ्यास १५२६ मध्ये गावकऱ्यांच्या वहिवाटी विचारून घेऊन फोराल नावाच्या दस्तऐवजात नमूद कराव्या लागल्या: बांध कोणी घालावा, जमीन कशी वाटावी, बैठकीत आधी कोणी बोलावे. जिंकणाऱ्याने जितांची गावकी शिकून घेतली. देऊळ पाडले तरी बांध मात्र गावकऱ्यांनीच घालावयाचा होता.

एवढ्यावर माझे काही देशाभिमानी मित्र प्रसन्न होतील, म्हणून त्यांच्याशीही दोन शब्द. 'भटाला दिली ओसरी' ही म्हण या प्रकरणी सर्वांच्या तोंडी असते. पण तीत पाय पसरणाऱ्याची निंदा होते आणि ओसरी देणारा सुटून जातो. ती दिली कोणी? रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात टोपीकरांविषयी जो इशारा दिला तो इतका स्वच्छ आहे की, वाचून अंगावर काटा येतो: हे इतर सावकारांसारखे सावकार नव्हेत, यांस खाडीलगत, समुद्रकाठी जागा देऊ नये, दिलीच तर आत, थोर शहराजवळ, सखल ठिकाणी द्यावी, आणि पक्की इमारत बांधू देऊ नये. हे पंतांस कळत होते. शिवछत्रपतींसही कळत होते. १६७४ च्या जूनमध्ये हेन्री ऑक्झेंडन रायगडी आला तेव्हा व्यापाराची बहुतेक कलमे महाराजांनी मान्य केली, परंतु फुटलेल्या जहाजांवरचा कोकणचा जुना हक्क सोडला नाही, आणि इंग्रजी नाणे प्रजेने अमुक मोलाने घ्यावे असे बंधनही पत्करले नाही. आणि तरीही १६९० मध्ये, मोगलांच्या वेढ्याच्या छायेत पैशांची नड लागली असता, जिंजीहून राजाराम महाराजांच्या सरकारने तेवनापट्टणचा किल्ला मद्रासच्या इंग्रजांस विकला. सौद्यात किल्ल्याभोवतीची जमीन ठरली ती अशी, की किल्ल्यावरून तोफ डागावी आणि गोळा पडेल तेथवरचा मुलूख इंग्रजांचा. मद्रासकरांनी लांब पल्ल्याची तोफ आणि चांगला गोलंदाज निवडला, हे सांगावयास नकोच. गोळ्यांच्या टप्प्यातील त्या खेड्यांना तिकडे पुढे 'गुंडुग्राम' हेच नाव पडले. तो किल्ला म्हणजेच फोर्ट सेंट डेव्हिड. तंजावरच्या भोसल्यांच्या गादीच्या भांडणातून १७३९ मध्ये कारैकल फ्रेंचांस मिळाले, आणि दहा वर्षांनी देवीकोट्टै इंग्रजांस. १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचे आरमार जळाले तेव्हा इंग्रजांच्या जोडीला पेशव्यांची फौज होती. सिंधुबंदीला यात कोठे जागा आहे ते मला दिसत नाही. समुद्र ओलांडू नये म्हणून हे झाले नाही. गादी, कर्ज आणि भाऊबंदकी यांसाठी झाले.

उपरी मिरासदार कसा झाला, हा खरा प्रश्न याच्या पुढे सुरू होतो, आणि त्याचे उत्तर लढायांच्या याद्यांत अर्धेच मिळते. मुंबईतील रामा कामाठी या शेणवी गृहस्थाची हकिकत मला यात फार उद्बोधक वाटते. कंपनीच्या भंडारी पलटणीचा हा धनाढ्य कारभारी. वाळकेश्वराच्या देवळाचा याने जीर्णोद्धार केला, १७१८ च्या नाताळात इंग्रजांचे मुंबईतील पहिले चर्च उघडले त्या समारंभासही तो जातीने हजर होता. दोनच वर्षांत त्याच्यावर कान्होजी आंग्र्यांशी संधान बांधल्याचा खटला झाला, पुराव्यात पत्रे दाखविण्यात आली, मालमत्ता जप्त झाली, आणि तो तुरुंगातच मेला. ती पत्रे बनावट होती असे मागाहून आढळून आले. येथे तोफ डागावी लागली नाही. कागद कोणी लिहावा, तो खरा की खोटा हे कोणी ठरवावे, आणि निकालपत्र कोणाच्या कपाटात राहावे, एवढे हातात आल्यावर शहर वसविणारा एका रात्रीत भाडेकरू झाला. बंगालची दिवाणी १७६५ ची. आपली साष्टी गेली १७७४ मध्ये. आमचा जुन्नर-आंबेगावचा मुलूख १८१८ मध्ये. त्यानंतर मोजणीदारांच्या साखळ्या आल्या, आणि आमच्या काळ्या मातीचे आकडे आमच्या कुलकर्ण्याहून कोण्या साहेबास अधिक ठाऊक झाले.

मग मुंबई कोणी वसविली? व्याख्यात्यांच्या वहीत गव्हर्नरांची नावे होती. आमच्या तालुक्याच्या वहीत महाळुंगे पडवळचा बाबू गेनू आहे, गिरणीतला मजूर, जो १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीच्या रस्त्यावर विलायती कापडाच्या मालमोटारीपुढे आडवा झाला आणि चिरडला गेला. बाकीच्यांची नावे कोणत्याच वहीत नाहीत. पाऊस हुकला की आमच्याकडची माणसे घोंगडी खांद्यावर टाकून उतरत. गावकीने मिळून चाळीत एक खोली धरलेली असे, दिवसपाळीचे लोक रात्री आणि रातपाळीचे लोक दिवसा एकाच वळकटीवर निजत, आणि पेटी ठेवण्यास जेवढी फरशी लागेल तेवढीच प्रत्येकाची हक्काची जागा.

व्याख्यानाच्या दुसऱ्या दिवशी मी आबांच्या घरी गेलो. त्यांनी पत्र्याची ट्रंक उघडली. वर जुना फेटा, त्याखाली खंडोबाची तसबीर, आणि तळाशी सुतळीने बांधलेल्या भाड्याच्या पावत्या. पहिल्या पावतीपासून शेवटच्या पावतीपर्यंत त्यांच्या बापाचे नाव चुकीचे लिहिलेले होते. "दुरुस्त करा म्हनून एकदा सांगाय गेलो व्हतो," आबा म्हणाले, "तर कारकून म्हनला, दफ्तरात हाय तेच खरं." त्यांनी पावत्या पुन्हा मोजल्या, सुतळी आवळली आणि ट्रंकेला कुलूप लावले.